दहा मैल दूर

मुंबई आंदण म्हणून आणणारी राणी तुम्हाला आठवते का? शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ती एका ओळीपुरती येते. पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, १६६१ मध्ये तह झाला आणि मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळालं. १६६८ मध्ये राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पुढे त्या बेटाचं काय झालं ते आपण सगळेच जाणतो. त्या मुलीचं काय झालं, हे मात्र मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि ते कळलं तेव्हा मला तिच्यापेक्षा आमच्या सोसायटीतली एक सिस्टर जास्त आठवली. का, ते सांगते.

मी बडोद्याची. आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे लंडनला राहिले. एका शनिवारी ती मला लंडन ब्रिजजवळच्या एका उंच दगडी स्तंभाकडे घेऊन गेली. त्याचं नावच ‘मॉन्युमेंट’. १६६६ च्या सप्टेंबरात एका बेकरीत लागलेली आग चार दिवस पसरत गेली आणि तेरा हजारांवर घरं जळाली, त्या आगीची ही आठवण. स्तंभ २०२ फूट उंच आणि आत ३११ पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी आकडा ऐकूनच नकार दिला. लेक वर गेली आणि मी खाली बसून फोनवर त्या स्तंभाबद्दल वाचू लागले.

त्यात कळलं की, या स्तंभावर १६८१ मध्ये एक जादा मजकूर कोरला होता. आगीचा ठपका कॅथलिकांवर ठेवणारा. खरं तर आग बेकरीतून सुरू झाली होती. एका फ्रेंच घड्याळजीनं ‘आग मीच लावली’ असं कबूल केलं, त्याला फाशीही झाली. नंतर कळलं की आग लागली तेव्हा तो बिचारा लंडनमध्ये पोचलाही नव्हता. तरी ठपका राहिला. १६८५ मध्ये तो मजकूर काढला, १६८९ मध्ये पुन्हा कोरला आणि १८३० मध्ये कायमचा पुसून टाकला.

एक खोटी गोष्ट इतकी वर्षं दगडावर कशी टिकते, हे शोधता शोधता मी १६७८ सालात जाऊन पोचले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

तेव्हाचं इंग्लंड प्रोटेस्टंट होतं. कॅथलिक लोक थोडे होते आणि त्यांच्यावर बंधनं फार होती. एकेकाळी त्यांच्यातल्या काही जणांनी खरोखरच कट केला होता. १६०५ मध्ये पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवून द्यायचा बेत पकडला गेला. त्यानंतर १६०६ मध्ये कायदा झाला की, प्रोटेस्टंट चर्चमध्ये यायला नकार देणाऱ्या कॅथलिकांनी लंडनच्या दहा मैलांच्या आत राहायचं नाही. मूठभर माणसांचा गुन्हा सगळ्यांच्या नावावर लागला तो लागलाच. कायदा कधी कडक, कधी ढिला असा चालायचा. लोक हळूहळू परत येत, दुकानं थाटत, संसार मांडत.

१६७८ मध्ये गादीवर होता चार्ल्स दुसरा. त्याला राणीकडून मूल नव्हतं, म्हणून गादी जाणार होती त्याच्या भावाकडे, जेम्सकडे. आणि जेम्स कॅथलिक झालेला. राणी कॅथरीन, म्हणजे आपली मुंबईवाली, तीही कॅथलिक. देशात आधीच धाकधूक होती. तेवढ्यात टायटस ओट्स नावाचा माणूस पुढे आला.

हा ओट्स म्हणजे शाळेतून काढलेला, केंब्रिजमधून पदवीशिवाय बाहेर पडलेला, परदेशातल्या दोन कॅथलिक शिक्षणसंस्थांमधूनही हाकललेला. त्यानं आणि त्याच्या एका साथीदारानं मिळून एक लांबलचक कागद तयार केला. कॅथलिक लोक राजाला मारणार आहेत, गोळी घालून नाहीतर विष देऊन, आणि मग जेम्सला गादीवर बसवणार आहेत, असं त्यात होतं. तारखा होत्या, नावं होती, कोण कुठे भेटलं तेही होतं. तपशील इतका असला की माणसाला वाटतं, एवढं सगळं कोण कशाला रचेल?

आता गंमत बघा. राजानं स्वतः ओट्सची उलटतपासणी घेतली. ओट्स म्हणाला, स्पेनच्या एका बड्या माणसाला मी भेटलोय, डॉन जॉन त्यांचं नाव. राजानं विचारलं, दिसायला कसे आहेत? ओट्स म्हणाला, उंच, सडपातळ, सावळे. राजाला हसू आलं असेल, कारण तो डॉन जॉनना ओळखत होता आणि ते तसे मुळीच नव्हते. हा माणूस खोटं बोलतोय, हे राजाला सप्टेंबरातच कळलं होतं.

पण ऑक्टोबरात एक घटना घडली. ज्या मॅजिस्ट्रेटपुढे ओट्सनं शपथेवर जबानी दिली होती, ते सर एडमंड बेरी गॉडफ्रे १२ ऑक्टोबरला घरातून निघाले ते परतलेच नाहीत. १७ तारखेला प्रिमरोज हिल या टेकडीवर त्यांचं प्रेत सापडलं. त्यांचीच तलवार अंगात आरपार गेलेली, गळ्यावर आवळल्याच्या खुणा. त्यांना कुणी मारलं याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. लंडनला मात्र तो एका रात्रीत लागला.

त्या काळी व्हॉट्सॲप नव्हतं, पण कॉफी हाउसं होती. बातमी तिथे यायची, कपाबरोबर फिरायची आणि दुप्पट होऊन बाहेर पडायची. तीन वर्षांपूर्वी राजानं ही कॉफी हाउसं बंद करायचा हुकूमही काढला होता, आणि आरडाओरडा झाल्यावर थोड्याच दिवसांत मागे घेतला होता. आता त्याच टेबलांवर एकच विषय. गॉडफ्रेंच्या नावाचे खंजीर बाजारात विकायला आले. पार्लमेंटखालची तळघरं तपासली गेली. भल्या घरच्या बायका बाहेर पडताना जवळ पिस्तूल ठेवू लागल्या.

ओट्सच्या आरोपांत एक कण खराही निघाला, तेही सांगायला हवं. जेम्सच्या पदरी असलेल्या एडवर्ड कोलमन या कॅथलिक माणसानं फ्रान्सच्या राजाच्या धर्मगुरूला पैशाच्या मदतीसाठी पत्रं लिहिली होती. ती सापडली. त्यात राजाला मारायचा बेत नव्हता. पण एक धागा खरा निघाला की लोक सगळी गोधडी खरी मानतात.

आणि मग ३० ऑक्टोबर १६७८ ला राजाच्या नावानं जाहीरनामा निघाला. लंडन आणि वेस्टमिन्स्टरमधल्या, कॅथलिक असलेल्या किंवा कॅथलिक समजल्या जाणाऱ्या सगळ्यांनी शहर सोडावं आणि दहा मैलांच्या बाहेर जावं.

‘समजल्या जाणाऱ्या’ हा शब्द वाचून मी थांबले. म्हणजे तुम्ही कॅथलिक आहात की नाही हे शेजाऱ्यांनी ठरवायचं!

दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. मुंबईत बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत जेवढं, साधारण तेवढं. आपल्याला वाटतं, हे काय अंतर झालं? पण लोकल नसलेल्या काळात, नोव्हेंबरच्या तोंडावर, थंडीत, चालू दुकान आणि चालू घर टाकून सोळा किलोमीटर जायचं. गिऱ्हाईक इथे, उधारी इथे, म्हातारी आई इथे. तिकडे खोली कोण देणार? ज्याला राजधानीनं हाकललं त्याला गावात तरी कोण विचारणार?

पुढची तीन वर्षं खटले चालले. राणीच्या चॅपेलसाठी चांदीची भांडी घडवणारा माइल्स प्रान्स नावाचा एक कॅथलिक सोनार पकडला गेला. तुरुंगाच्या थंडीत त्यानं तीन माणसांची नावं घेतली, मग म्हणाला खोटं होतं, मग पुन्हा म्हणाला खरं होतं. ती तीन माणसं राणीच्या सॉमरसेट हाउस वाड्यात कामाला, त्यातला एक दारावरचा रखवालदार. तिघंही १६७९ च्या फेब्रुवारीत फासावर गेले. १६८६ मध्ये प्रान्सनं कोर्टात मान्य केलं की, साक्ष खोटी होती. तोवर सात वर्षं उलटली होती.

आणि आपली राणी? ओट्सनं पार्लमेंटसमोर तिच्यावरही आरोप केला की, ही राजाला विष घालणार आहे. चार्ल्स नवरा म्हणून काही आदर्श नव्हता, त्याची प्रेमप्रकरणं साऱ्या देशाला माहीत होती. पण या वेळी तो बायकोच्या मागे उभा राहिला. तिला त्यानं हात लावू दिला नाही. तिच्या वैद्यावर खटला चालला आणि १६७९ च्या जुलैमध्ये तो निर्दोष सुटला. तिथून ओट्सची हवा हळूहळू उतरू लागली.

मला सगळ्यात जास्त लागली ती मात्र एक वेगळीच हकिकत. १६५१ मध्ये, तरुणपणी, हा चार्ल्स लढाई हरून पळत होता. डोक्यावर हजार पौंडांचं इनाम. तेव्हा त्याला लपवलं ते कॅथलिकांनी. पेंडरेल नावाचे पाच साधे भाऊ, गावाकडची कष्टकरी माणसं, त्यांनी त्याला आसरा दिला. जॉन हडलस्टन नावाच्या धर्मगुरूनं त्याला मदत केली. म्हणून १६७८ च्या डिसेंबरात, सगळीकडे कॅथलिकांची धरपकड चाललेली असताना, पार्लमेंटच्या वरच्या सभागृहानं ठराव केला की, पेंडरेल भाऊ, हडलस्टन आणि राजाचा जीव वाचवणारे इतर यांना कुणी त्रास द्यायचा नाही. त्यांनी प्रोटेस्टंट प्रजेसारखं मोकळं राहावं.

म्हणजे ज्यांचा चेहरा राजाला आठवत होता, ते माणूस ठरले. बाकीचे यादीत गेले.

पेंडरेल भाऊ देशद्रोही नाहीत हे राजाला ठाऊक होतं, मग शेजारच्या गल्लीतला शिंपी तरी कशावरून असेल? हा प्रश्न त्याला पडला नसेल का? पडलाच असेल. ओट्सचं खोटं तर त्यानंच पकडलं होतं. तरीही जाहीरनामा त्याच्याच नावानं निघाला. आपण अडवलं तर लोक आपल्यावरच उलटतील, ही भीती. १६८५ च्या फेब्रुवारीत तो मरणाला टेकला तेव्हा त्याच हडलस्टनला मागच्या दारानं आत आणलं आणि राजा स्वतः कॅथलिक होऊन मेला. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला.

कारण तेव्हा मला आमच्या बी विंगमधली सिस्टर आठवली.

ती केरळची, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि एका इस्पितळात काम करायची. २०१९ मध्ये माझ्या सासूबाईंना मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि पुढे बरेच दिवस रोज इंजेक्शन द्यायचं होतं. ही मुलगी ड्यूटीवरून येऊन, कधी रात्री अकराला, चप्पल दाराबाहेर काढून आत यायची. इंजेक्शन द्यायची, सासूबाईंच्या पायावर हात फिरवायची. पैसे घेतले नाहीत. एकदा बळंच डब्यात पुरणपोळ्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी डबा केळ्याच्या वेफर्सनी भरून परत आला.

मग २०२० आलं. तुम्हाला ते दिवस सांगायला नकोत. एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘बी विंगमधल्या नर्सचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, ती लपवते आहे, लिफ्ट आणि जिना वापरताना सांभाळा.’ कुणी लिहिलं होतं कोण जाणे. ‘जसं आलं तसं पुढे पाठवत आहे’ असं वर होतं.

मला शंका आली होती. खरंच आली होती. आदल्याच संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली होती. मास्क लावून, चार पायऱ्या लांब उभी राहून तिनं विचारलं होतं, ‘आंटी, दादी ठीक हैं?’ लहान मुलांच्या वॉर्डात ड्यूटी आहे, असंही म्हणाली होती. एक फोन केला असता तर कळलं असतं.

मी फोन केला नाही. घरात म्हातारं माणूस आहे, उगाच धोका कशाला, असं मनाशी म्हटलं आणि तो मेसेज आमच्या विंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली माझे दोन शब्द, ‘काळजी घ्या.’ सोबत नमस्काराचे हात.

तिसऱ्या दिवशी तिच्या घरमालकाचा तिला फोन गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, इस्पितळाची गाडी आली. दोन बॅगा, एक गादीची वळकटी, आणि पिशवीतून डोकावणारा कुकर. बाल्कनीच्या पडद्याआड उभी राहून मी पाहत होते. तिनं वर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मीच आत सरकले. नंतर कळलं की तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. ते मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, कुठे राजाचा जाहीरनामा आणि कुठे सोसायटीचा ग्रुप. खरं आहे, तुलना मोठी आहे. तिथे माणसं फासावर गेली, इथे एक मुलगी इस्पितळाच्या होस्टेलवर राहायला गेली. पण त्या गोष्टीतला ओट्स मला परका वाटला. असे ओट्स थोडेच असतात. मला ओळखीचा वाटला तो राजा. खोटं आहे हे कळलेला, आणि तरीही पुढे पाठवणारा. फरक एवढाच की, ज्यांनी आपल्याला रात्री-अपरात्री मदत केली त्यांना तरी त्यानं वाचवलं. मी तेवढंही केलं नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १६८५ मध्ये ओट्सला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, भर रस्त्यातून फटके मारत नेलं. पण १६८८ च्या अखेरीस कॅथलिक राजा जेम्सला पळून जावं लागलं, सत्ता पालटली आणि लंडनमध्ये कॅथलिकांची चॅपेलं जाळली गेली. ओट्स सुटला, त्याला पुन्हा पेन्शन मिळालं. १६८९ मध्ये पार्लमेंटनं नवा कायदा केला. संशयिताला मॅजिस्ट्रेटपुढे बोलवायचं आणि कॅथलिक श्रद्धा नाकारणारी प्रतिज्ञा म्हणायला लावायची. नाही म्हटली तर लंडनपासून पुन्हा तेच, दहा मैल दूर. कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडलं ते थेट १८२९ मध्ये.

कॅथरीन १६९२ मध्ये माहेरी पोर्तुगालला परत जायला निघाली. तिच्यावर आळ घेणारा ओट्स १७०५ च्या जुलैत मेला आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी ती लिस्बनमध्ये गेली. तिचं सॉमरसेट हाउस पुढे पाडलं गेलं, आज त्याच जागी त्याच नावाची दुसरी इमारत आहे. लेकीबरोबर तिथे जाऊन आले. अंगणात कारंजी उडत होती, मुलं भिजत होती. दारावरचा तो रखवालदार नेमका कुठे उभा राहत असेल, ते मी उगाच शोधत राहिले.

त्या रात्री लेक झोपल्यावर मी फोनमध्ये सिस्टरचा नंबर शोधला. सापडेना. मग आठवलं, मी तो ‘इंजेक्शन’ या नावानं ठेवला होता. सहा महिने जी मुलगी माझ्या घरात येत होती, तिचं नाव मी फोनमध्ये कधी लिहिलंच नव्हतं.

मेसेज लिहायला तासभर लागला. मोडक्या हिंदीत लिहिलं की, २०२० मध्ये तुझ्याबद्दलचा तो मेसेज मीही पुढे पाठवला होता. खरं-खोटं विचारलं नाही. माझी चूक झाली. माफ कर, असं लिहिलं आणि पुसलं, कारण तो मागणीसारखा वाटला. चूक झाली, एवढ्यावरच थांबले.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं तिसऱ्या दिवशी.

‘दादी कैसी हैं?’

सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. मी तसं कळवलं. शेवटपर्यंत तुझी आठवण काढायच्या, हेही लिहिलं, आणि ते खरं होतं. तिनं हात जोडल्याची खूण पाठवली. मेसेजबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलावं असं मी म्हणूही शकत नाही.

आता फोनमध्ये तिचं नाव आहे. तिनंच सांगितलं, मी विचारल्यावर.

तुमच्या फोनमध्येही अशी कुणी ‘दूधवाला’, ‘नर्स’, ‘वरच्या मजल्यावरचे’ असतील. त्यांच्याबद्दल उद्या सकाळी काही आलं, तर पुढे पाठवण्याआधी एकदा त्यांनाच फोन करा. मी तेव्हा केला नव्हता, म्हणून सांगते आहे.